बसऱ्याचे मोती, बडोद्याचा गालिचा

नथीतला किंवा तन्मणीतला मोती खरा आणि जुना असेल, तर आपल्याकडे त्याची ओळख एकाच शब्दात करून देतात : 'बसऱ्याचा' आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका हा शब्द जरा आवाज खाली आणूनच उच्चारतात. आता बसरा हे इराकमधले बंदर. तिथे मोती निघत नसत. मोती निघत ते बहारीन आणि कतारच्या आसपासच्या, या आखाताच्या उथळ पाण्यात. बसरा हे व्यापाराचे ठाणे होते, एवढ्यावर मालाला नाव पडले बसऱ्याचे. ज्या बेटावर आपण पोटापाण्यासाठी येऊन राहिलो आहोत, त्या बेटाचा मोती आपल्या पणजीच्या नाकात होता. पण नाव मात्र बाजारपेठेने नेले.

गालिच्यांच्या इतिहासातही असाच एक गमतीदार घोटाळा आहे. सतराव्या शतकात इराणमध्ये रेशमात सोन्यारुप्याची तार घालून विणलेल्या गालिच्यांना युरोपात आजही 'पोलिश गालिचे' म्हणतात. १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात पोलंडच्या एका सरदार घराण्याने असे गालिचे मांडले. त्यांवर राजचिन्हासारखी चिन्हे दिसली, म्हणून लोकांनी ठरवून टाकले की हे काम पोलंडचेच! प्रत्यक्षात १६०१ साली पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मुंड याने सेफर मुरातोविच नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला खास काशानला पाठवून गालिचे विणवून घेतले होते. नाव गिऱ्हाइकाचे झाले, विणकराचे नाही.

वस्तूला नाव कोणाचे मिळते आणि तिच्यातले काम कोणाचे असते, हा प्रश्न तसा सगळ्याच कलांना लागू आहे. पण गालिचा ही वस्तू अशी की तिच्यातले काम अक्षरशः मोजता येते. माझा धंदा संगणकाचा, शिक्षण इंजिनियरिंगचे. त्यामुळे मोजता येणारी गोष्ट दिसली की मोजावीशी वाटते. या लेखात तेच करणार आहे. वाचकांनी आकडेमोडीबद्दल थोडी क्षमा करावी.

आधी नकाशा, मग माग

नक्षी, नकाशा, कारखाना, रेशीम, किरमिजी हे सगळे शब्द आपण मराठी म्हणूनच वापरतो. सगळे फारसीमार्गे आले आहेत. तालमीतला आपला 'वस्ताद' म्हणजे त्यांचा उस्ताद. 'गालिचा' हा शब्दही तिकडचाच. फारसीत मोठ्या गालिच्याला 'काली' म्हणतात आणि लहानाला 'कालीचा'. आपण लहान-मोठा भेद सोडून दिला.

इराणी गालिच्याचा सुवर्णकाळ म्हणजे सफावी राजवटीची सोळावे आणि सतरावे ही दोन शतके. शाह अब्बासने १५९८ मध्ये राजधानी इस्फहानला हलवली आणि तिथे दरबारी कारखाने भरभराटीला आले. १६०२ ते १७१७ या काळात बहारीनही सफावींच्याच ताब्यात होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गालिचा विणणारे काशान, किरमान आणि मोती काढणारे हे बेट शंभराहून अधिक वर्षे एकाच राज्यात होते.

त्याआधीच्या इराणी गालिच्यांवर भौमितिक आकृत्या जास्त असत. सफावी काळात त्यांवर वळणदार वेली, फुले, ढग आणि मध्यभागी मोठे पदक आले. हे विणकराच्या डोक्यातून निघालेले नव्हते. दरबारी ग्रंथशाळेतले चित्रकार पोथ्यांची पाने आणि पुठ्ठ्यांची बांधणी सजवत असत. तीच नक्षी गालिच्यावर आली. म्हणजे काढणारा एक आणि विणणारा दुसरा अशी फारकत झाली. एकदा ती झाली की दोघांच्या मध्ये भाषा लागते.

ती भाषा म्हणजे चौकटींचा नकाशा. एक चौकट म्हणजे एक गाठ. मध्ये पदक आणि चार कोपऱ्यांत त्याचेच चतुर्थांश तुकडे, अशी रचना असेल तर पूर्ण चित्र काढावे लागत नाही. एक चतुर्थांश काढायचे, उरलेले आरशासारखे उलटवून विणायचे. काश्मिरात याच्याही पुढची पायरी गाठली गेली. तिथे चित्राऐवजी 'तालीम' लिहितात : कोणत्या रंगाच्या किती गाठी, हे सांगणाऱ्या सांकेतिक चिन्हांच्या ओळी. एक जण तालीम लयीत वाचतो, मागावर बसलेले विणकर त्याला हुंकार देत गाठी मारत जातात. 'तीन लाल, एक पांढरी, पाच निळ्या' अशी ती वाचणी. फॅक्स यंत्र पानावरचे काळे-पांढरे ठिपके याच युक्तीने पाठवते : प्रत्येक ठिपका न सांगता, सलग एका रंगाचे किती, तेवढेच सांगायचे. आमच्या धंद्यात ही युक्ती विसाव्या शतकातली मानतात. मागावर ती आधीच रुळलेली होती.

विणण्याची रीत सांगायला सोपी आहे. मागावर उभा ताणा ताणलेला असतो. लोकरीचा छोटा तुकडा शेजारच्या दोन ताण्यांत अडकवून गाठ मारायची. तुर्की गाठीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढा घालते; इराणी गाठीत एकाला पूर्ण वेढा घालून दुसऱ्याच्या मागून निघते. इराणी गाठ दाट बसते, म्हणून बारीक वळणे तिच्यात चांगली उतरतात. एक ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालायचा, पंजाने ठोकायचा, पुढची ओळ धरायची. चौकटींच्या कागदावर वर्तुळ काढले तर त्याला पायऱ्या दिसतात; चौकटी लहान केल्या की पायऱ्या दिसेनाशा होतात. गाठी दाट का मारायच्या, याचे एवढेच कारण. वेल खरोखरच्या वेलीसारखी वळली पाहिजे.

रंगांचेही शास्त्र होते. मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल, नीळ वापरून निळा, पिवळ्यावर निळीचा हात देऊन हिरवा. रंग पक्का बसावा म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात. काळ्या आणि गडद तपकिरी रंगात लोखंडाचा अंश असे आणि तो शंभर-दोनशे वर्षांत लोकर खातो. म्हणून जुन्या गालिच्यांत काळ्या रेघांच्या जागी खळगे पडलेले दिसतात आणि बाजूची फुले उठावात आल्यासारखी वाटतात. कित्येक लोक ती मुद्दाम केलेली कलाकुसर समजतात.

अर्दबिलचा गालिचा आणि एक नाव

या साऱ्याचा कळस म्हणजे अर्दबिलचा गालिचा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लांबी सुमारे साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाच मीटरच्या वर. ताणा-बाणा रेशमाचा, गाठी लोकरीच्या, रंग दहा. एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ गाठी, सगळ्या मिळून अडीच कोटींहून जास्त. एका विणकराच्या हातून दिवसाला सहा हजार गाठी होतात असे धरले आणि दहा विणकर एकावेळी मागावर बसवले, तरी चारशेवर दिवस नुसत्या गाठी मारण्यात जातात. ताणा लावणे, रंगवणे, कातरणे हे सगळे वेगळे.

हा गालिचा अर्दबिलच्या शेख सफीच्या दर्ग्यातला. तशीच एक जोडही होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही विकले गेले आणि जोडीतल्या एकाचे तुकडे वापरून दुसरा पुरा करण्यात आला. तो पुरा केलेला गालिचा १८९३ साली विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून २,००० पौंडांना संग्रहालयाने घेतला. खर्ची पडलेला दुसरा, उरला तेवढा, लॉस एंजेलिसला आहे.

गालिच्याच्या एका टोकाला चौकटीत मजकूर विणलेला आहे. त्यात हिजरी सन ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, आणि मकसूद काशानी हे नाव आहे. मकसूद स्वतःला दरबाराचा सेवक म्हणवतो. त्या काळच्या गालिच्यांवर नाव आणि साल असणे फार दुर्मिळ, म्हणून या ओळीला मोठे मोल आहे. पण अडीच कोटी गाठी एका माणसाने मारल्या नाहीत, हे उघड आहे. जाणकारांच्या मते मकसूद हा काम करवून घेणारा असावा. आजच्या भाषेत प्रोजेक्ट मॅनेजर. मागावर बसलेल्यांपैकी एकाचेही नाव त्या चौकटीत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल.

विजापूर, येरवडा आणि तुरुंगातले माग

नकाशा कागदावर आला की तो प्रवासाला निघू शकतो. अकबराच्या काळात आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर इथे गालिच्यांचे कारखाने असल्याचे अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त नोंदवतो. दख्खनच्या सुलतानांचे इराणशी निकटचे संबंध होते. वरंगळ आणि एलुरू ही तिकडची विणकामाची केंद्रे. विजापूरच्या आसार महालात जुने गालिचे होते. ते आता गोल घुमटाजवळच्या संग्रहालयात आहेत.

याच विजापुरी नमुन्यांचा पुढचा मुक्काम आपल्या पुण्यात झाला, आणि तोही कुठे, तर येरवड्याच्या तुरुंगात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानभरच्या तुरुंगांत गालिच्यांचे माग बसवले. येरवड्यात विजापूरच्या जुन्या गालिच्यांवरून नवे विणले गेले. आग्र्याच्या तुरुंगात तर व्हिक्टोरिया राणीसाठी एवढा मोठा गालिचा झाला की त्याचे वजन दोन टन भरते. तो विंडसरच्या राजवाड्यात आहे. १९९२ साली तिथे आग लागली तेव्हा तो गुंडाळायला सुमारे पन्नास जवान लागले होते.

तुरुंगातल्या गालिच्यांवर त्या काळीही टीका झाली. जॉर्ज बर्डवूड याने १८८० च्या आपल्या ग्रंथात तक्रार केली की तुरुंगातल्या स्वस्त मजुरीमुळे पिढीजात विणकरांचा धंदा बसतो आहे आणि नमुनेही बिघडत आहेत. पण तांत्रिक दृष्टीने पाहिले तर यातून एक गोष्ट सिद्ध झाली. ज्याने जन्मात माग पाहिला नाही अशा कैद्याकडूनही, समोर नकाशा आणि शेजारी वस्ताद असेल तर, सफावी वळणाची वेल विणून घेता येते. नकाशाचे सामर्थ्य हे, आणि धोकाही हाच. नकाशा हाती आला की हात कोणाचेही चालतात, आणि मग हातांची विचारपूस करायचे कारण उरत नाही.

खंडेरावांचा मोत्यांचा गालिचा

आता आपल्या बेटाकडे आणि आपल्या माणसांकडे येऊ. बडोद्याचे खंडेराव गायकवाड १८५६ ते १८७० गादीवर होते. शौकीन राजा. 'स्टार ऑफ द साउथ' हा ब्राझीलमधला प्रचंड हिरा त्यांनीच विकत घेतला होता. त्यांनी १८६५ च्या सुमारास एक असा गालिचा करायला घेतला की ज्यात लोकर नाही आणि गाठही नाही. रेशीम आणि बारीक हरणाचे कातडे यांच्या बैठकीवर लाखो मोती शिवायचे. हा गालिचा मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी होता, असे परंपरेने सांगतात. एका मराठा हिंदू राजाने असा संकल्प करावा, यात त्या काळच्या संस्थानी रिवाजाला नवल नव्हते. चार आयताकृती गालिचे आणि एक गोल छत असा तो संच होता. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि संच बडोद्यातच राहिला. पुढे १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक येऊन सयाजीराव म्हणून गादीवर बसला. त्यांच्या काळात, १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात, हा गालिचा मांडला गेला आणि तिथल्या सर्वांत जास्त बोलबाल्याच्या वस्तूंत गणला गेला.

गालिचा आकाराने फार मोठा नाही : २.६४ मीटर लांब, १.७३ मीटर रुंद. त्यावर पंधरा ते वीस लाख मोती असल्याचा अंदाज आहे. मध्यरेषेवर हिऱ्यांची तीन मोठी चक्रे, भोवती माणके, पाचू, नीलमणी आणि रंगीत काचेचे मणी. हिरे सुमारे अडीच हजार. रचना मात्र ओळखीचीच. कमानी, किनार, वळणाच्या वेली आणि फुले. इस्फहानहून मोगलांकडे आणि मोगलांकडून संस्थानांकडे आलेला तोच नकाशा.

इथे मी एक भागाकार करून पाहिला. गालिच्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५,७०० चौरस सेंटिमीटर. त्यात पंधरा ते वीस लाख मोती, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला ३३ ते ४४. अर्दबिलच्या ५३ गाठींशी ताडून पाहा. माध्यम बदलले, तीनशेहून जास्त वर्षे गेली, काम करणारे वेगळे, तरी दाटपणा त्याच पट्टीत राहिला. त्याला कारण आहे. वेल गुळगुळीत वळायला हवी असेल तर ठिपका लोकरीचा असो वा मोत्याचा, तो दीड मिलिमीटरच्या आसपासच हवा.

दीड मिलिमीटरचा मोती म्हणजे मोहरीचा दाणा. मुंबईच्या मोतीबाजारात मोत्याची किंमत 'चव' या मापाने ठरे. तो हिशोब मोठा मजेदार आहे : वजनाचा वर्ग करायचा आणि नगांनी भागायचे. एका मोत्याचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर त्याची चव चौपट. उलट, मोती लहान होत गेला की किंमत झपाट्याने घसरते. बडोद्याच्या गालिच्यातले मोती हे या हिशोबात अगदी तळाचे. तोच प्रत्येक मोती वेगळा निवडायचा, चाळणीने आकारवार लावायचा, हाताच्या बारीक गिरमिटाने त्याला वेज पाडायचे, ओवायचा आणि शिवायचा. वेज पाडण्याचाच विचार करा. एका माणसाने दिवसात दोनशे मोहरीएवढे मोती विंधले असे धरले, आणि दहा माणसे बसवली, तरी पंधरा लाखांना साडेसातशे दिवस होतात. लोक याला रत्नांचा गालिचा म्हणतात. हिशोब पाहता तो मजुरीचा गालिचा आहे. मोती हे तिचे निमित्त.

पुढची हकीकत थोडक्यात. महाराणी सीतादेवींबरोबर गालिचा बडोद्याहून मोनॅकोला गेला. १९८५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या भारतविषयक प्रदर्शनात दिसला. मार्च २००९ मध्ये दोह्यात लिलाव होऊन तो सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. संचातले गोल छत २०१९ साली न्यूयॉर्कला विकले गेले. गालिचा आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, म्हणजे मोती जिथून निघाले त्याच पाण्याच्या काठावर.

पाण्याखालचे हात

त्या मोत्यांचा पहिला हात मागावरचा नव्हे, पाण्यातला. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे आपण वातानुकूलित खोलीतून बाहेर पडायला कुरकुरतो त्याच चार महिन्यांत, होड्या समुद्रावर असत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, बोटांना कातडी टोप्या घाली, पायाला दगड बांधलेल्या दोरीने तळाशी जाई. मिनिट-दीड मिनिटात हाताला लागतील तेवढे शिंपले जाळीत भरायचे आणि दोरीला हिसका द्यायचा. वर होडीत उभा असलेला जोडीदार त्याला ओढून घेई. दिवसभर असेच. संध्याकाळी पाहावे तर बहुतेक शिंपले रिकामेच निघत.

हंगामाआधी घरखर्चासाठी नाखवा उचल देई. हंगामाच्या शेवटी मोती विकले की शिधा आणि उचल वजा जाऊन वाटा मिळे. तो पुरला नाही तर कर्ज पुढच्या वर्षी, आणि माणूस मेला तर मुलाच्या डोक्यावर. हिशोब नाखव्याकडे आणि पाणबुड्याला अक्षरओळख नाही. आपल्याकडे सावकारी पाशाच्या कथा वाचलेल्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. १९२० च्या दशकात बहारीनमध्ये सुधारणा झाल्या. प्रत्येक पाणबुड्याला त्याची स्वतःची हिशोबाची वही द्यावी, असा नियम आला, आणि बापाचे कर्ज मुलावर लादण्याची प्रथा बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांकडून आणि नाखव्यांकडून याला जोरदार विरोध झाला. शेकडो वर्षांच्या धंद्यात पाणबुड्याचे नाव त्याच्या स्वतःच्या मालकीच्या कागदावर आले ते या वहीत. मोत्याच्या जगातली ही घटना मला कोणत्याही हिऱ्याच्या लिलावापेक्षा मोठी वाटते.

त्या वह्या फार वर्षे लागल्या नाहीत. जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि १९३२ साली जबल दुखानला तेल लागले. बरेच पाणबुडे तेल कंपनीत कामाला लागले. ज्या तेलाने पुढे आपल्याला इथे आणले, त्याच्या पहिल्या कामगारांत ते होते.

२०१२ मध्ये युनेस्कोने बहारीनचा मोत्यांचा वारसा जागतिक यादीत घेतला. समुद्रातली तीन शिंपल्यांची क्षेत्रे, बू माहिरचा किल्ला आणि मुहर्रकमधल्या सतरा इमारती त्यात आहेत. साडेतीन किलोमीटरच्या पायवाटेने त्या जोडल्या आहेत. व्यापाऱ्यांचे नक्षीदार वाडे तिथे आहेतच; पण पाणबुड्याचे साधे घरही तितक्याच आस्थेने जपले आहे. सियादी कुटुंबाचा वाडा पाहायला सगळेच थांबतात. अल-घूस यांच्या छोट्या घरापाशीही थांबावे आणि मुलांना घेऊन जावे. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी निघाले की जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे पाहून होते.

आपल्यापैकी पुष्कळ जण परत जाताना मनामाच्या बाजारातून गालिचा नेतात. दुकानदार तो पसरून पुढची बाजू दाखवतो, गावाचे नाव सांगतो, किंमत सांगतो. त्याला तो उलटा करायला सांगावे. मागच्या बाजूला प्रत्येक गाठ सुटी दिसते. एक सेंटिमीटर आडवे आणि एक उभे मोजून गुणाकार करावा, मग लांबी-रुंदीने गुणावे. जो आकडा येईल तो विणणाऱ्याच्या नावाच्या जागी लिहून ठेवायला हरकत नाही. घासाघीस त्यानंतर करावी.